चेहऱ्याच्या डॉक्टरकडे दोघी जावा

मुरूम वयात येताना येतात आणि ते वय सरलं की आपोआप जातात, असं मला शाळेत असल्यापासून सगळ्यांनी सांगितलं होतं. माझे गेले नाहीत. दहावीत आले, कॉलेजात वाढले. लग्नाच्या दिवशी पार्लरवालीने त्यांच्यावर इतके थर चढवले की फोटोत मी माझीच कुणीतरी चुलत बहीण वाटते. मूल झालं की जातील, असं मग सांगण्यात आलं. मुलगा झाला आणि हनुवटीवर नव्याने आले. हे आधीच्यापेक्षा मोठे, खोल, आणि हात लावला की ठणकणारे.

माझं माहेर यवतमाळचं. वडील सरकारी कचेरीत होते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईजवळ माझ्या चेहऱ्यासाठी एक लेप असायचा. कडुलिंब झाला, मुलतानी माती झाली, वाळवलेली संत्र्याची साल झाली. एका मावशीने रात्री टूथपेस्ट लावून झोपायला सांगितलं होतं, तेही मी केलं. सकाळी मुरूम तसेच होते आणि उशीला पुदिन्याचा वास येत होता.

सासर कळंबजवळच्या एका गावात. दोघे भाऊ मिळून शेती करतात. कापूस, तूर, सोयाबीन. घरात सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझी मोठी जाऊ, त्यांची मुलगी, आणि आम्ही तिघं. घरात मोठ्या जावेला सगळे ‘मोठी’ म्हणतात आणि मला ‘लहानी’. मी मोठीला ताई म्हणते. ती मुकुटबनकडची. उंच, भरभर चालणारी आणि कमी बोलणारी. घर तीच चालवायची. मी शिकलेली, शहरातली, म्हणून ती माझ्याशी जरा अंतर ठेवून वागते असं मला वाटायचं, आणि तिच्या त्या गप्पपणाची मला भीतीही वाटायची. एक गोष्ट मात्र होती. इतक्या वर्षांत माझ्या चेहऱ्याबद्दल तिने कधी एक शब्द काढला नव्हता. बाकी सगळ्यांनी काढला होता.

मी कळंबला एका छोट्या शाळेत बालवाडीला शिकवते. एकदा एका चिमुकलीने माझ्या गालाला बोट लावून विचारलं, “मिस, तुमच्या घरी मच्छर लय हायेत का?”

दुसऱ्या दिवशी तिने दप्तरातून डासांची अर्धी कॉइल काढून माझ्या टेबलावर ठेवली. घरच्यांना न विचारता आणली असावी. मला खूप हसू आलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगतानाही मी हसतच होते, आणि सांगता सांगता रडायला लागले. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, “मग दाखव ना एखाद्या डॉक्टरले. कोण नाही म्हणते?”

खरंच, नाही कुणीच म्हटलं नव्हतं. लेप सगळ्यांनी सांगितले होते, डॉक्टर मात्र कुणाला सुचला नव्हता. मुरमांसाठी डॉक्टरकडे जायचं असतं, असं मलाही वाटत नव्हतं.

यवतमाळच्या त्या डॉक्टरबाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी माझा चेहरा उजेडात धरून भिंगातून पाहिला, पाळीबद्दल विचारलं, रक्ताची एक तपासणी करून घेतली. मी कातडीचा वरचा थर काढणाऱ्या ‘पील’ नावाच्या उपचाराबद्दल मोबाइलवर पाहून गेले होते आणि तो आजच होईल अशा तयारीत होते. त्या म्हणाल्या, “आधी गोळ्या आणि रात्री लावायचं औषध. नवीन मुरूम येणं थांबू द्या. पील त्यानंतर. आणि एक सांगून ठेवते, हे पुसून टाकल्यासारखं जाणार नाही. कमी होईल, पुन्हा थोडं येईल, पुन्हा कमी होईल.”

इतक्या वर्षांत ‘नक्की जाईल’ असं न म्हणणारी ती पहिलीच बाई होती. म्हणूनच बहुधा माझा तिच्यावर विश्वास बसला.

दोनेक महिन्यांनी पील झालं. पाठीवर झोपवलं, केसांना पट्टी बांधली, डोळ्यांवर ओला कापूस ठेवला. मग एका चपट्या ब्रशने चेहऱ्यावर पातळ औषध फिरवलं. आधी गार वाटलं, मग झिणझिण्या आल्या, मग गालांवर कुणी मिरचीचा हात लावल्यासारखं झालं. बाजूला उभ्या मदतनीस मुलीने हातातला छोटा पंखा चेहऱ्यावर धरला होता. “सोसवत नसेल तर लगेच सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. सोसवण्यासारखं होतं. थोड्या वेळात गार पाण्याने पुसून काढलं आणि वर मलम लावून दिलं. ऊन टाळा, आच टाळा, आणि कातडी सुटायला लागली की ओढू नका, एवढं बजावून त्यांनी घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी कातडी सुटायला लागली. ओठांच्या कडेने आणि नाकाजवळ कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ तुकडे निघत होते. सासूबाईंनी मला अंगणात पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

“कायले गेलती वो तू तिथं? फोडं होती तं होती. आता तं कातडंच निघून राह्यलं पोरीचं.”

मी समजावत होते तेवढ्यात आतून मोठी आली. माझ्याकडे नीट पाहिलं आणि चुलीकडे बोट दाखवून म्हणाली, “सकाळच्या भाकरी मी करतो. तू आचेपाशी नको बसू, तोंड आणखी लाल होईन.”

“ताई, तुम्हाला कसं माहीत?”

“काल तुह्या मायले फोनवर सांगून राह्यलती ना, ऊन नको, आच नको. मले का कान नाईत काय?”

आमच्याकडे गॅस आहे, पण भाकरी चुलीवरचीच लागते. तो सगळा आठवडा भाकरी तिनेच थापल्या आणि मला भाजी निवडायला बाहेरच्या ओसरीत, सावलीत बसवलं. शेजारच्या कुणी माझ्या तोंडाकडे पाहून थांबलं की ती आतून आवाज द्यायची, “तिले डाक्टरनं सांगतलं हाये तसं. चालू द्या तुमचं.”

त्या आठवड्यात मी तिच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. एरवी तिचा पदर कायम पुढे ओढलेला असायचा. ती गोरी होती, पण तो गोरेपणा सारखा नव्हता. गाल लालसर, त्यावर बारीक लाल रेषा, कानाजवळ दाट लव, आणि हनुवटीवर माझ्यासारखेच मुरूम. काही माझ्यापेक्षा जास्तच. चाळिशीच्या बाईला मुरूम असू शकतात हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर दिवसभर मुरमांचाच विचार करत होते.

पुढच्या वेळी मी यवतमाळला निघाले तेव्हा मोठी फाट्यावर माझ्या आधी येऊन उभी होती. हातात कापडी पिशवी.

“मीबी येतो,” ती म्हणाली. घरी तिने काय सांगितलं होतं कोण जाणे.

बसमध्ये जागा मिळाली. मग तिने पिशवीतून एक चेपलेली ट्यूब काढून माझ्या मांडीवर ठेवली. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते तसली.

“माह्या लग्नाच्या वक्ती मामीनं आणून देल्ली होती. म्हणे, काळी पोरगी कोण करीन. महिन्याभरात तोंड उजळलं बापा. मंग हे लोक पाह्याले आले अन् पसंत केली.”

“तेव्हापासून लावताय?”

“सोडली का जळते. दोन दिवस नाई लावली तं तोंडाची आग होते, फोडं येतात. मंग लावतो. मंग थंड पडते.” मग ट्यूब परत पिशवीत टाकत ती म्हणाली, “तुह्ये मुरूम जाऊन राह्यले, तं म्हटलं माह्येबी जातीन.”

डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. रागावल्या असाव्यात, पण मोठीवर नाही. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश समजावलं. या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. थोडे दिवस लावली तर चेहरा उजळ वाटतो, वर्षानुवर्षं लावली तर कातडी पातळ होते, लव वाढते, आणि मुरूमही तिच्यामुळेच येतात. थांबवली की कातडी चिडते, आग होते, म्हणून माणूस पुन्हा लावतो.

“म्हणजे जिनं आग होते, तिनंच थंड पडते?” मोठीने विचारलं.

“अगदी तसंच.”

“मंग ते ब्रशवालं करून टाका ना आजच.”

“नाही. तुमची कातडी आत्ता कांद्याच्या सालीएवढी झाली आहे, तिला पील सोसणार नाही. तुम्हाला आधी हे बंद करायचं आहे. मी गोळ्या देते, साधं मलम देते, उन्हाचं क्रीम देते. काही आठवडे फार त्रास होईल. चेहरा आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. त्या दिवसांत हिंमत सोडू नका, आणि आग फार वाढली तर सरळ मला फोन करा.”

मोठी परतीच्या बसमध्ये रुसून बसली होती. “तुले ब्रश लावते अन् मले नुसती बंद कर म्हणते. हे काय डाक्टर झाली?” पण घरी आल्यावर तिने ट्यूब कपाटात खाली, साड्यांच्या मागे ठेवून दिली.

त्यानंतरचे दिवस खरंच वाईट होते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिचं तोंड तापायला लागलं. गाल टोमॅटोसारखे लाल, डोळ्यांखाली सूज, आणि हनुवटीपासून कानापर्यंत बारीक पिवळ्या फोडांची रांग. कापूस वेचणी चालू होती आणि मजूर बायांसोबत तिला वावरात जावंच लागायचं. डॉक्टरांनी दिलेलं उन्हाचं क्रीम ती लावायची, त्यावर घाम यायचा आणि चेहऱ्यावर पांढरे ओघळ उतरायचे. वेचणाऱ्या बाया हसायच्या. एकीने विचारलं, “काहून वो बाई, नाटकात काम करून राह्यली का?” मोठीने कापसाची ओटी रिकामी केली आणि म्हणाली, “हाव, हिरोईन हावो.” हे मला तिने नव्हे, त्या बायांनीच सांगितलं.

सासूबाईंचा सगळा राग डॉक्टरवर होता. आधी लहानीचं कातडं काढलं, आता मोठीचं तोंड जाळलं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. थोरले दीर काहीच बोलत नव्हते. ते एरवीही बोलत नाहीत.

आणि त्यातच मुकुटबनचं लग्न आलं. मोठीच्या सख्ख्या भाचीचं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी शाळेतून आले तर मोठी मागच्या पडवीत बसली होती आणि ट्यूब तिच्या हातात होती. झाकण उघडं होतं.

“एकच डाव लावू दे,” ती म्हणाली. जणू मी तिला अडवणारं कुणी वडीलधारं माणूस होते. “लग्न होईपर्यंत. मंग सोडतो.”

मी काही ट्यूब ओढून घेतली नाही. मला तेवढी हिंमतही नव्हती. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गार पाण्याची घडी ठेवायला सांगितली, एक गोळी वाढवून दिली, आणि ट्यूब नकोच म्हणाल्या. मी माठातल्या पाण्यात मलमलचा फडका भिजवला, पिळला आणि तिच्या चेहऱ्यावर ठेवला. फडका लगेच कोमट व्हायचा, मी पुन्हा भिजवायची. असं बराच वेळ चाललं. फडक्याखालून ती बोलत होती, त्यामुळे तिला माझं तोंड दिसत नव्हतं. म्हणूनच ती बोलू शकली असेल.

“लग्नाची मले भीती नाई,” ती म्हणाली. “तिथं माहेरच्याच बाया हायेत. मले भीती घरचीच हाये. या घरानं मले पाह्यलं ते ट्यूबवाल्या तोंडानं पाह्यलं. यायनं हो म्हटलं ते त्या तोंडाले म्हटलं. आता एवढ्या वर्षानं दुसरंच तोंड घेऊन यायच्यापुढं कसं जावं?”

मी पुन्हा फडका भिजवला. चेहऱ्यावर ठेवता ठेवता म्हटलं, “ताई, त्यांना विचारलंत कधी?”

“असं कोणी इचारते काय.”

पण तिने विचारलं. कधी, कसं, ते माहीत नाही. दोन दिवसांनी सकाळी मी विहिरीपाशी कपडे धूत होते, तेव्हा ती बादली घेऊन आली, माझ्या शेजारी टेकली आणि एकदम हसायला लागली. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसताना गाल ताणून दुखत होते म्हणून तिने दोन्ही हातांनी ते धरले होते.

“यायले सांगतलं म्या सगळं. ट्यूब दाखवली. म्हटलं, या ट्यूबनं मी गोरी होती, नाईतर काळी हावो. तं मले म्हणते कसे, ‘कोणती ट्यूब? ती गजकर्णाची व्हय ना?’” तिला पुढचं बोलताच येईना. “म्हणे, ‘मी तं लावतो कधीमधी मांडीले. मले वाटे माह्यासाठीच आणून ठेवतं तू.’”

“आणि रंगाचं काय म्हणाले?”

“काई नाई. म्हणे, ‘तुले पाह्याले आल्तो तवा मान खालीच होती तुही. मले तं नुसता पदर दिसला होता.’ अन् जेवाले बसले.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाई काय झालं म्हणून पाहायला आल्या. त्यांना काही सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या संध्याकाळी दीरांनी ती ट्यूब स्वतःच नेऊन टाकली. त्यांच्या गजकर्णालाही ती चालत नाही हे मोठीने त्यांना सुनावलं होतं, आणि पुढे आम्ही त्यांनाही त्याच डॉक्टरकडे नेलं.

मुकुटबनच्या लग्नाला मी तिच्यासोबत गेले. नवरीला सजवायला आलेल्या पार्लरच्या पोरीने मोठीला पाहून आपला डबा उघडला आणि म्हणाली, “मावशी, या, झाकून देतो.” मोठीने सरळ सांगितलं, “नको पोरी, डाक्टरनं काईच लावू नको म्हटलं हाये.” मांडवात बायांनी विचारलंच. ऊन लागलं का, अंगातून गर्मी निघाली का, काही वांगं वगैरे खाल्लं का. तिने प्रत्येकीला तेच उत्तर दिलं, ट्यूबसकट सगळं. मला वाटलं ती लपवेल. जेवणं झाल्यावर तिची मामेबहीण, म्हणजे ट्यूब देणाऱ्या मामीचीच मुलगी, हात पुसत आमच्याजवळ आली. तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, “यवतमाळले कुठीशी हाये ते डाक्टर? मीबी तेच लावतो.”

आग कमी व्हायला हिवाळा गेला. ट्यूबचा गोरेपणा हळूहळू उतरला, लव विरळ झाली, पिवळे फोड सुकले आणि मागे काळे डाग राहिले. एक दिवस डॉक्टरांनी मोठीचा गाल दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, “आता सौम्य पील करून बघू.”

मोठी तर सांगण्याआधीच आडवी झाली होती. मी शेजारी उभी राहून तिच्या तोंडावर तो छोटा पंखा धरला.

“मुंग्या चावून राह्यल्या,” ती डोळे मिटून म्हणाली.

“सोसवत नाही का?”

“कोण म्हणते? चावू द्या.”

झाल्यावर डॉक्टरांनी तिला आरसा दिला. इतके दिवस ती आरशात पाहायचंच टाळत होती. ती स्वतःकडे पाहत राहिली. सावळा, स्वच्छ, थोडे डाग असलेला चेहरा. मला वाटलं ती रंगाबद्दल काही बोलेल.

“मी माह्या मायसारखी दिसून राह्यली,” ती म्हणाली. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. डॉक्टर आपल्या जागेवर जाऊन काहीतरी लिहायला लागल्या आणि आम्हाला घाई केली नाही.

आता आम्ही दोघी काही महिन्यांनी एकदा यवतमाळला जातो. तिच्या हनुवटीवरचे खड्डे भरायला बारीक सुयांच्या यंत्राचा उपचार झाला. तो तिने चहा पिताना बोलावं तसं बोलत करून घेतला, मीच डोळे मिटून घेतले होते. माझे मुरूम डॉक्टरांनी सांगितलं तसेच वागतात, कमी होतात, पुन्हा थोडे येतात. पाळीच्या आधी हनुवटीवर एखादा ठणकतो. मोठी लांबूनच ओळखते आणि म्हणते, “हात नको लावू.” यवतमाळहून परतताना स्टँडजवळ आम्ही गरम आलूबोंडे खातो. ती वरची झणझणीत तर्री जास्त घ्यायला सांगते.

परवाच्या रविवारी आम्ही दोघी वावरात निघालो होतो. तूर फुलावर होती. दारात उभ्या राहून उन्हाचं क्रीम लावत होतो, तेव्हा सासूबाई पायरीवर येऊन बसल्या. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “मलेबी लावा वो थोडं. मीबी दिवसभर उन्हातच असतो.”

मोठीने माझ्याकडे पाहिलं. मग पायरीवर त्यांच्यासमोर बसली, बोटावर क्रीम घेतलं आणि त्यांच्या सुरकुतलेल्या कपाळापासून सुरुवात केली. सासूबाईंनी डोळे मिटले, मान वर केली आणि मोठीला कपाळ, गाल, हनुवटी सगळं निवांत चोळू दिलं.